चढाला रेल प्रेशर पडतंय? पंप उतरवायच्या आधी हे बघा

डिझेल कॅम्पर व्हॅनचं एक ठरलेलं गाऱ्हाणं आहे. हायवेला सपाटीवर गाडी एकदम गुणी. चढ लागला, गिअर टाकून पाय दाबला की दम टाकते, चेक लाईट पेटते आणि मग कितीही रेस द्या, बैलगाडीच्या वर जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत शहाण्यासारखी चालते, ते पुढच्या चढापर्यंत. निपाणीकडून तवंदी घाट चढताना, साखळीहून चोर्ल्यातून वर येताना, सावंतवाडीकडून आंबोली चढताना हमखास. स्कॅनर लावला की कोड येतो पी००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी. रेल म्हणजे इंजेक्टरना (नोझलना) जोरात डिझेल पुरवणारी जाड नळी. मग टपरीवर उभं राहिलेलं कोणीतरी सांगतं, "पंप गेला बघा."

पंप जातो, नाही असं नाही. पण पी००८७ एवढंच सांगतो की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये मिळालं नाही. का मिळालं नाही ते तो सांगत नाही. पंपापर्यंत डिझेल नीट पोचतंय का, हे बघायच्या आधीच पंप खोलला जातो आणि पंप-नोझलचं मोठं बिल भरूनही गाडी त्याच वळणावर त्याच रीतीने बसते. कॅम्परच्या बाबतीत तर टाकी ते फिल्टर एवढ्या टप्प्यातच घोळ असण्याची शक्यता जास्त, कारण तिथे कन्व्हर्जन करणाऱ्याचा हात फिरलेला असतो.

इथे कॅम्पर म्हणजे ट्रॅव्हलर, विंगर अशा गाडीत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवलेली व्हॅन. कॅम्पर नावाची डबल केबिन पिकअप नव्हे. पण कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकच रेल असलेलं, इंजिन असलं तर खालचं बरंचसं तिलाही लागू पडेल.

रचना थोडक्यात सांगतो. टाकीतल्या जाळीतून डिझेल उचललं जातं, लाईनने फिल्टरला येतं, तिथून हाय प्रेशर पंपात. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो, तो डिझेल ढकलतो. काहींत हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच छोटा गिअर पंप असतो, तो टाकीतून ओढून घेतो. आपल्या गाडीत कुठला आहे ते आधी पक्कं करा, पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते. हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी मीटरिंग व्हॉल्व्ह असतो, पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ईसीयू त्याच्याकडून करवून घेते. पुढे रेल, रेलवर सेन्सर, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, मग इंजेक्टर, आणि उरलेलं डिझेल रिटर्नने परत टाकीत. आयडलला (रेस न देता) गरम इंजिनवर रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार असतं, पूर्ण लोडला इंजिनप्रमाणे १,३५० ते १,८०० बारपर्यंत जातं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा.

स्पॅनरच्या आधी स्कॅनर

नुसता कोड वाचून पुसणारा स्कॅनर इथे कामाचा नाही. लाईव्ह डेटा दाखवणारा पाहिजे. त्यात तीन गोष्टी एका स्क्रीनवर घ्या: मागितलेलं रेल प्रेशर, प्रत्यक्ष रेल प्रेशर आणि मीटरिंग व्हॉल्व्हला जाणारा करंट किंवा टक्केवारी.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करून बघा. रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. इंजिन बंद, रेल थंड, आणि स्क्रीनवर चाळीस-पन्नास बार दिसत असतील तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याची अर्थिंग खराब आहे. बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्टची सप्लाय असते आणि शून्य प्रेशरला सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास असतो. मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी गाडी गॅरेजात ठेवायला नको.

मग गाडी चढावर न्या. एकाने चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून रेकॉर्डिंग करायचं. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघत घाट चढू नये, तवंदीला उसाचे ट्रॅक्टर कसे चालतात ते ठाऊक आहे ना. गाडी नेहमीसारखी भरलेली असू दे, पाण्याची टाकीसुद्धा. रिकाम्या गाडीवर हा दोष लपतो.

रेकॉर्डिंगमध्ये बघायचं ते असं. मागणी १,४०० बारला चढली, प्रत्यक्ष प्रेशर थोडा वेळ तिच्याबरोबर गेलं आणि मग हळूहळू मागे पडत गेलं, ईसीयू मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बसली तरी भरून निघेना, तर एकतर मागून डिझेल अपुरं येतंय किंवा पुढे कुठून तरी निसटतंय. प्रेशर सलग न उतरता करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली नाचत असेल तर आधी हवेवर संशय घ्या. एका क्षणात आकडा थेट खाली आपटला आणि तितक्याच झटक्यात परत आला, तर वायरिंग किंवा सेन्सरचं कनेक्टर, कारण डिझेलचं खरं प्रेशर असल्या उड्या मारत नाही. आणि मागणी व प्रत्यक्ष दोन्ही हातात हात घालून चालतायत, तरी गाडी ओढत नाही? मग फ्युएलचा नाद सोडा. टर्बोची होज फाटलीय का, इंटरकूलरचा पाईप सुटलाय का, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का, बीएस-६ असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) भरलाय का, ते बघा. तो विषय वेगळा.

दोष कधी येतो, हेही गाडीमालकाला खोदून विचारा. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही, तर रात्रीत डिझेल मागे उतरतंय, म्हणजे कुठून तरी हवा घुसतेय. थंड असताना उत्तम, पण गरम इंजिन बंद करून लगेच चालू करायला गेलं की त्रास, तर इंजेक्टर किंवा पंप आतून झिजलेत. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. फक्त चढावर, फक्त लोडवर, गरम-थंड कसंही, तर वाट तुंबलीय. हे ढोबळ आहे, पण कुठल्या टोकाने सुरुवात करायची ते ठरतं.

ओढीच्या बाजूची हवा

ज्या गाडीत पंप टाकीतून ओढून घेतो, तिथे लाईनला भेग असली तर डिझेल बाहेर गळतच नाही. खालून हात फिरवला तर सगळं कोरडं. शहाळ्याच्या नळीला चीर पडली की पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसं. म्हणून "कुठे लीक नाही, सगळं चेक केलंय" हे वाक्य ओढीच्या लाईनबाबत काहीच सिद्ध करत नाही.

बघायचा उपाय स्वस्त आहे. हार्डवेअरच्या दुकानात गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी मिळते. लाईनच्या मापाची, जाड भिंतीची, वीतभर घ्या आणि फिल्टर व हाय प्रेशर पंपाच्या मध्ये तात्पुरती लावा. सलाईनची नळी इथे चालत नाही, ती बारीक असते आणि स्वतःच अडथळा होते. गाडी चालू करा. फिल्टर नुकताच बदलला असेल तर थोडे बुडबुडे येऊन जातात, त्याचं काही नाही. पण आयडलला स्वच्छ आणि रेस दिली की बारीक बुडबुड्यांची माळ सुरू, तर दोष सापडल्यात जमा. मग नळी एकेक टप्पा मागे न्यायची: फिल्टरच्या आधी, प्रायमर हँडपंपाच्या आधी, टाकीच्या बाहेर. जिथे बुडबुडे थांबले त्याच्या पुढच्या तुकड्यात भेग. ही नळी फक्त ओढीच्या लाईनला. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर तिथे काही बारचं प्रेशर असतं, त्याला प्रेशर झेलणारी नळी आणि गेज लागतो. आणि तपासणी झाली की ती काढा, डिझेलने मऊ पडते, तशीच ठेवून गोव्याला निघू नका.

कॅम्परमध्ये पहिला संशयित कोण, तर डिझेल हीटर. बेळगावात हीटर कशाला म्हणाल, पण स्पिती-लडाखची स्वप्नं बघून बसवून घेणारे आहेत आणि डिसेंबरात खानापूरकडे रानात मुक्काम केला तर तो इथेही बरा वाटतो. हीटरला डिझेल द्यायचं म्हणून बसवणारा इंजिनची मुख्य लाईन कापून त्यात प्लास्टिकचा टी-जॉइंट घालतो. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत हेच होतं. दुसरीकडे पंप रिकंडिशन झालेला, इंजेक्टर कॅलिब्रेट झालेले, बिलं फाईलला लावलेली. मालक वयाने मोठे, निवृत्त. म्हणाले, "मेस्त्री, एवढं करून परत तेच करायलीय बघा." पारदर्शक नळी लावली, रेस दिली, माळ सुरू झाली. गाडीखाली शिरून तो टी अंगठ्याने एका बाजूला दाबला की वरचा पोरगा ओरडायचा, "थांबलं, थांबलं!" सोडला की परत सुरू. जास्त आवळलेल्या क्लिपखाली प्लास्टिकला केसाएवढी चीर होती. "काका, पंप चांगला आहे तुमचा," म्हटलं, तर त्यांना आनंद होईना. बरोबर आहे, पैसे गेलेच होते.

हीटरला टाकीतून स्वतंत्र नळी पाहिजे, मुख्य लाईनवर टी नको. ती नळी टाकीच्या तळापासून थोडी वर ठेवायची, म्हणजे हीटर रात्रभर चालला तरी सकाळी गाडीपुरतं डिझेल उरतं.

बाकी ठिकाणं पटकन सांगतो: प्रायमर हँडपंपाचा फाटलेला डायफ्राम, फिल्टर बदलताना वाकडी बसलेली ओ-रिंग, बेंजो बोल्टचे (लाईन जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तेच जुने वायसर, आणि पलंगाची फ्रेम बोल्ट करताना खाली चेपलेली लाईन. शेवटचं वाचून हसू येईल, पण फ्लोअरमधून बोल्ट आरपार घालणारे खाली काय आहे ते बघतातच असं नाही.

टाकी, आणि आपली सीमेवरची सवय

आपण बेळगावकडचे लोक तीन राज्यांच्या कडेला राहतो. आज कर्नाटकात भरायचं, शिनोळीला पलीकडे महाराष्ट्रात भरायचं की उद्या गोव्यात जाऊन भरायचं, याचा हिशेब प्रत्येक गाडीवाला करतो आणि त्या नादात टाकी तळाला जाईपर्यंत गाडी ओढतो. लिटरमागे दोन रुपये वाचतात, पण टाकीच्या तळाचा सगळा गाळ जाळीवर येऊन बसतो. त्यात कॅम्पर ही महिनोन्महिने उभी राहणारी गाडी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यातला पाऊस माहीत आहे. अर्धी रिकामी टाकी जून ते सप्टेंबर दमट हवेत उभी राहिली की आतल्या बाजूला ओल धरते, पाणी तळाला उतरतं आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी-जिवाणूंची चिकट काळपट साय धरते. पावसाळ्यात उभी करायची असेल तर टाकी फुल करून उभी करा.

फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास तशीच ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. दोन थरांच्या मध्ये काळी शेवाळासारखी तार तरंगत असेल तर टाकी उतरवून धुवावीच लागते. नुसतं जंतुनाशक ओतलं तर साय मरते, पण मेलेली सायच सुटून फिल्टरला येते आणि गाडी पहिल्यापेक्षा लवकर बंद पडते. टाकी धुवायची आणि मग औषध, हा क्रम.

वाट तुंबलीय की नाही हे ठरवायला ओढीच्या गाडीत एक खात्रीची चाचणी आहे. स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या, फिल्टरच्या इनलेटला थेट त्या कॅनमधून नळी द्या, रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा आणि गाडी चढावर न्या. कॅन बाहेर पक्का बांधायचा, आत गॅसच्या शेगडीजवळ नाही. दोष गेला तर तो टाकी, जाळी किंवा टाकी ते फिल्टरच्या लाईनमध्ये. तसाच राहिला तर फिल्टरपासून पुढे. या एका फेरीत निम्मी गाडी संशयातून सुटते. व्हॅक्युम गेज असेल तर तो फिल्टर आणि पंपाच्या मध्ये लावा. नवा फिल्टर आणि मोकळी लाईन असेल तर सुई थोडीशीच हलते, लोडला ०.५ बारच्या आसपास ओढ दिसायला लागली की मागे नक्की काहीतरी अडलंय.

टाकीचा ब्रीदर विसरू नका. गाडी दम टाकायला लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी काही वेळ बरी चालली, तर ब्रीदर बंद आहे. उभ्या गाडीच्या ब्रीदर नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, ते काडीने उकरून निघतं. कन्व्हर्जनवाल्याने फ्लोअरखाली फोम मारताना नळीचं तोंडच बुजवलेलं असेल तर मात्र शोधायला वेळ लागतो.

कॅनमधलं कुठून तरी आणलेलं डिझेल ओतू नका. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच, बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो, तो ॲडिटिव्हने भरून काढलेला असतो. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑईल नसतं, बहुतेक ठिकाणी डिझेलच त्याचं वंगण. त्यात रॉकेलची भेसळ आली की पंप कोरडा घासतो. पेट्रोल पंपावर डिझेलची डेन्सिटी (घनता) विचारायला लाजू नका, ग्राहकाला ती दाखवावीच लागते.

वायरिंग

टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत, पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर दोष रिले, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये. कॅम्परमध्ये दिवे-पंख्यांसाठी बसवलेल्या जादा बॅटरीची, इन्व्हर्टरची, फ्रिजची अर्थिंग गाडीच्या मूळ अर्थिंगच्या बोल्टवरच चढवलेली असते, त्यावर रंग आणि गंज. बोल्ट काढा, घासा, परत बसवा.

आता हाय प्रेशरची बाजू

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. जुन्या इंजिनाला चालू गाडीवर नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायचो, तसं कॉमन रेलवर कधीही करायचं नाही. हजार बारवरची धार डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरलेलं असतं, बोट-हात जाऊ शकतो. तसं झालं तर हळद लावत बसू नका, थेट हॉस्पिटल, आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा. लीक हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबूनच पाईपला हात लावायचा.

मागचं सगळं ठीक असेल तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी. इथे मात्र सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या कामाला येतात. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी, एकेक बाटली. इंजिन गरम करून आयडलला आणि मग थोड्या रेसवर ठरावीक वेळ चालवा आणि बाटल्या शेजारी-शेजारी ठेवा. चौघांत थोडा फरक असतोच. पण तीन बाटल्या एका रेषेत आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, तर चोर तोच. चारही भरभरून असतील तर सगळेच झिजलेत. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरायला सांगा, नाहीतर नवा इंजेक्टर असून आयडल खडबडीत राहतं.

रेलवरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न वेगळा काढून बघा. आयडलला तिथून एक थेंबही यायला नको. एकदा उघडलेला व्हॉल्व्ह पुष्कळदा परत नीट बसत नाही आणि मग लोडवर तिथूनच प्रेशर जातं. मीटरिंग व्हॉल्व्हची परीक्षा रेकॉर्डिंगमध्येच झालेली असते: मागणी कमी असताना प्रेशर वर उडतं आणि मागणी वाढली की मागे राहतं, असं दोन्हीकडे चुकत असेल तर तो अडकतोय. त्याचं कनेक्टर चालू गाडीवर उपसून बघायची सवय सोडा. काही व्हॉल्व्ह करंट गेला की पूर्ण उघडतात, रेलचं प्रेशर भडकतं.

आणि पंपाचा निकाल लावायच्या आधी जुना फिल्टर कापून उघडा. कागदाच्या घड्या उन्हात धरा. काळा, तपकिरी गाळ असेल तर तो टाकीचा. चंदेरी चमक असेल, बोटावर घेतल्यावर चकाकत असेल, तर धातू झिजतोय. चुंबकाला चिकटला नाही म्हणून सुटलो समजू नका, ॲल्युमिनियम चिकटत नाही. पंप कीस सोडायला लागला असेल तर नुसता पंप बदलून भागत नाही. तो कीस रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नने टाकीपर्यंत गेलेला असतो. टाकी, लाईन, रेल धुवायची, इंजेक्टर बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) तपासायचे, तेव्हाच नवा पंप बसवायचा. खर्च मोठा आहे, म्हणून तर हे शेवटी.

काम ऑटोनगरला द्या, उद्यमबागेत द्या की कोल्हापूरला पाठवा, पंप किंवा इंजेक्टर बेंचवर चढवला की आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे छापून मागा. जुना माल परत मागा. आणि पंप उतरवायच्या आधी चढावरचं रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाईलवर पाठवा. "मागणी १,४००, मिळतंय ९००, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, ओढीला हवा नाही, कॅनवर घेऊनही तेच" एवढं लिहून गेलेल्या गाडीला कोणी उगाच टाकी धुवायला लावत नाही.